सगळ्यांच्या वतीनं

सकाळचे साडेनऊ वाजायच्या आत दीपमालानं चहाचं तिसरं आधण ठेवलं. बोलावलेली माणसं होती अकरा, सगळी घरचीच. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिनं डोकावून पाहिलं, तर सतरंज्या भरून बायका पार गेटापर्यंत बसलेल्या. धारूरहून एक जीप आलेली, उमापूरहून नणंदेसोबत एक क्रूझर भरून आलेली, आणि सिरसाळ्यातल्या तर गल्लीगल्लीतल्या. कुणाच्या हातात पावती, कुणाच्या हातात वॉरंटीचं पिवळं कार्ड. मागच्या गल्लीतल्या साखराबाईनं अख्खी घरघंटीच हातगाड्यावर घालून आणली होती.

"ही जत्रा कुनी बोलावली?" संजय मागच्या दारानं आत येत म्हणाला.

"वर्षानं घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. वन्संनी ते त्यांच्या बचत गटात टाकलं. मग काय, फिरलं ते."

"घरातली गोष्ट घरात ठेवायची सोडून..."

"घरातली ऱ्हायली का ती?" दीपमाला कपबश्या मांडता मांडता थांबली. "आवं, बाहेर बघा तरी. इतक्या बायका आपल्या लग्नालाबी नव्हत्या."

तिला रात्रभर झोप नव्हती, आणि तरी अंगात लई तरतरी होती. भीती होतीच. पण त्या भीतीखाली दुसरंच काही तरी उसळ्या मारत होतं. तीन वर्षांपूर्वी संजयनं स्टँडजवळच्या आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात 'धान्यश्री' कंपनीच्या घरघंट्या ठेवल्या, तेव्हा त्या खपवल्या दीपमालानं. गावोगावच्या बचत गटांच्या बैठकीत जायचं, बायकांसमोर मूठभर ज्वारी टाकायची, पीठ काढून दाखवायचं. 'गिरणीच्या रांगेत उभं राहायचं न्हाई, आणि दार उघडलं की यंत्र आपोआप बंद, पोराबाळांच्या घरात बिनघोर ठेवा,' हे वाक्य तिचं पाठ झालेलं होतं.

तेच वाक्य ऐकून तिची नणंद राजश्री उमापूरला एक घरघंटी घेऊन गेली. ऊसतोडीला जायचं तिनं सोडलं आणि गल्लीचं दळण दळू लागली. यंदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाजरी दळता दळता लाइट गेली. यंत्र थांबलं. जाळी तुंबली होती म्हणून राजश्रीनं दार उघडून आत हात घातला, आणि तेवढ्यात लाइट आली. दार उघडं असताना यंत्र चालू व्हायलाच नको होतं. ते झालं. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली.

कंपनीला नोटीस दिली तर उलट उत्तर आलं: यंत्र घरगुती वापराचं आहे, तुम्ही ते धंद्यासाठी वापरलं, आमची जबाबदारी नाही. त्या उत्तरानं सगळं पेटलं होतं. आज ठरवायचं होतं, पुढं काय. आणि दीपमालानं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. तक्रारीच्या कागदावर पहिलं नाव आपलं घालायचं. तिची घरघंटी तिच्या गटाच्या पैशातून, तिच्याच नावाच्या पावतीवर घेतलेली होती. नवऱ्याचं दुकान समोरच्या बाजूला उभं राहिलं तरी चालेल.

अंगणात थोरले दीर शहादेव उठून उभे राहिले. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, आवाज खणखणीत.

"जय भीम सगळ्यांना. बसा, बसा. आता आलाच हायत तर ऐका. मी माझं मत आधीच सांगतो. कंपनीच्या साहेबाचा मला फोन आलता. राजश्रीला नवी मशीन देतो म्हनले, दवाखान्याचा खर्च देतो म्हनले. फक्त पुढं काही करायचं न्हाई. माझं म्हननं हाय, घ्यावं आन् मिटवावं. आपल्याच भावाचं दुकान हाय त्यात."

"मी बी तेच म्हनते," दगडाबाई ओट्यावरून बोलल्या. शहादेव, संजय आणि राजश्री या तिघांची ही आई. सत्तरी उलटलेली, पण शब्द अजून धारदार. "पोटच्या पोराला पोटच्या पोरीनं कोर्टात वढायचं? कावून?"

राजश्रीनं उजवा हात पदराखाली घेतला. दीपमालानं ते पाहिलं आणि चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला.

"नवी मशीन म्हंजी तीच मशीन ना, आण्णा?" ती म्हणाली. "आन् ह्या इतक्या बसल्यात, ह्यांच्या घरात जी हाय तिचं काय?"

"बरोबर!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि अंगणभर गलका झाला.

शहादेवांची मुलगी वर्षाराणी दोन वर्षांपासून बीडला वकिली करत होती. तिनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. गर्दी पाहून तिचेही गाल लाल झाले होते.

"एकेक समजून घ्या. आत्याची बोटं गेली, ती एकट्या आत्याची. त्याची भरपाई ती स्वतः मागेल, तिची वेगळी तक्रार करून. पण दाराचा स्विच सगळ्यांचा एकच. एकच मॉडेल, एकच दोष. अशा वेळी कायदा म्हणतो, शेकडो जणींनी शेकडो तक्रारी करायची गरज नाही. दोघीतिघींनी पुढं व्हायचं आणि सगळ्यांच्या वतीनं तक्रार करायची. त्याला ग्राहक आयोगाची परवानगी लागते. ती मिळाली की जाहीर नोटीस निघते, पेपरात देता येते. ज्यांनी हे मॉडेल घेतलंय त्यांनी यावं, कुणाची हरकत असेल तर सांगावी."

"आन् निकाल?" साखराबाईनं विचारलं.

"निकाल सगळ्यांना लागू. आलेल्यांना, न आलेल्यांना."

"म्हंजी हरलो तर सगळ्याच हरलो?" शहादेवांनी कंडक्टरच्या करड्या आवाजात विचारलं.

"हो, बाबा. म्हणून तर नीट करायचं. आपण मागणार काय, तर सगळ्या यंत्रांचे स्विच कंपनीनं घरी येऊन बदलावेत, नाहीतर यंत्रं परत न्यावीत."

मग प्रश्नांची झोड उठली. पावती हरवली असेल तर? दुसरा पुरावा चालेल, दुकानाची नोंद चालेल. ज्यांचं यंत्र अजून बिघडलंच नाही त्यांचं काय? दोष आत असेल तर बिघडायची वाट कशाला बघायची? लग्नात आहेर म्हणून मिळालेली असेल तर? घेणाऱ्याच्या मर्जीनं जी वापरते तीही ग्राहक.

"म्हंजी मी बी?" दगडाबाई एकदम म्हणाल्या. "इकत घेतली सूनबाईनं, पर दळते मीच."

"तूपण, आजी."

"बघ की!" म्हातारी हरखली. घटकाभरापूर्वी आपण कुणाच्या बाजूनं बोललो होतो हे ती विसरलीच, आणि बायका खदखदून हसल्या.

राजश्री मात्र हसली नाही. तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "वर्षा, मी गल्लीचं दळन दळत होते. पैसे घेत होते. कंपनी म्हनती ह्यो धंदा हाय. मग मी न्हाई ना ह्यात?"

इथल्या निम्म्या बायका शेजारपाजारचं दळून देत होत्या. हाच तो खिळा होता, ज्यावर सगळं अडकलं होतं.

वर्षाराणीनं कायद्याचं पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही. "आत्या, कंपनीनं तुला अर्धाच कायदा सांगितला. धंद्यासाठी वस्तू घेणारा ग्राहक नाही, खरंय. पण त्याच्याच खाली लिहिलंय, जो माणूस फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून ती वस्तू वापरतो, तो धंदेवाला धरायचा नाही. तू स्वतः दळत होतीस. तुझं घर त्यावर चालत होतं. तू ग्राहकच आहेस."

राजश्रीच्या ओठांचा कोपरा हलला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. दीपमालाला वाटलं, आत्ताच्या आत्ता सही करावी.

"मग माझं बी लिही," धारूरची मंगल म्हणाली. मंगल संजयची मावसबहीण. धारूरच्या बाजारात तिनं तीन घरघंट्या मांडल्या होत्या, हाताखाली दोन पोरी पगारावर ठेवल्या होत्या, आणि स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन यंत्रं दुरुस्त करायची.

वर्षाराणी घुटमळली. "मंगलआत्या, तुमचं अवघड आहे. तीन यंत्रं, पगारी माणसं... ते स्वतः राबणं राहत नाही. कायद्याच्या नजरेत तो व्यवसाय. तुम्हाला आमच्यासोबत येता येणार नाही."

"म्हंजी मी शेन खाल्लं का मोठी होऊन?" मंगलचा चेहरा उतरला आणि मग तापला. "मग ऐका माझं. माझ्या तिन्ही मशीन झकास चालतात. संजयदादाचं नाव उगं खराब करू नका. वापरायला बी अक्कल लागती."

राजश्रीनं मान खाली घातली. संजय खांबाला टेकून उभा होता, तो चटकन म्हणाला, "सोडा ना आता. जेवनं करून जावा सगळ्या."

पण दीपमाला आता ऐकणाऱ्यातली नव्हती. "अक्कल कुनाची ते बघूच की. माझी मशीन बाहेर काढते. दार उघडून बटन दाबायचं. कळंल समद्यांना."

"कशाला पायजे ते?" संजय म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. दीपमालाला वाटलं, तो तिच्या काळजीनं बोलतोय.

तिनं यंत्र चाकांवरून ढकलत ओट्यापर्यंत आणलं. पदर खोचला. हे काम तिचं रोजचं होतं, फक्त आज ती विकत नव्हती. तिनं पुढचं दार उघडलं, आतली पाती सगळ्यांना दाखवली, कडब्यातलं एक ज्वारीचं धाट हातात घेतलं. "लांब सरा," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

तिनं पुन्हा दाबलं. यंत्र गप्प. दार लावलं, यंत्र घुमू लागलं. दार उघडलं, गपकन बंद. जसं व्हायला हवं अगदी तसं.

"बघा!" मंगल टाळी वाजवून म्हणाली. "सांगितलं व्हतं ना?"

बायकांत कुजबूज सुरू झाली. दोघीतिघी पावत्या पिशवीत घालू लागल्या. दीपमालाचे कान गरम झाले. तिला राजश्रीकडं बघवेना.

"माझी लावा," साखराबाई म्हणाली. तिनं हातगाडा पुढं आणला, वायर जोडली आणि दार सताड उघडलं. दीपमालानं श्वास रोखून बटण दाबलं.

यंत्र गर्जना करून सुरू झालं. उघड्या दारातून पाती नुसती धुरासारखी दिसू लागली. दीपमालानं लांबून धाट आत सारलं. क्षणात त्याचा चुरा उडाला, पहिल्या रांगेतल्या बायकांच्या लुगड्यांवर पडला. कुणीतरी किंचाळलं. राजश्रीनं डोळे मिटून घेतले.

मग अंगणाला थारा राहिला नाही. "माझी आना!" "माझ्या पोराला पाठीव, गाडा घिऊन!" तासाभरात गल्लीतून आणखी चार यंत्रं आली. चारातली तीन दार उघडं असताना सुरू झाली. प्रत्येक वेळी बायका ओरडत होत्या, वर्षाराणी मोबाइलवर चित्रण करत होती, शहादेव स्वतः उठून नंबर लिहून घेत होते. मिटवायची भाषा ते विसरून गेले होते. "बे, हा तर फास हाय घराघरात टांगलेला," असं ते स्वतःशीच म्हणत होते.

या सगळ्या गोंधळात मंगल एकटीच दीपमालाच्या यंत्रापाशी बसली होती. सवयीनं तिनं पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला, दाराच्या कडेची पट्टी उघडली, मग साखराबाईच्या यंत्राची उघडली. बराच वेळ दोन्हीकडं बघत राहिली. शेवटी उभी राहिली तेव्हा तिचा ताठा गेला होता.

"वहिनी, हा कंपनीचा स्विच न्हाई."

"म्हंजी?"

"कंपनीचा काळा असतो, प्लास्टिकच्या जिभेचा. साखराबाईचा बघ, जीभ वाकून आत अडकलीय. तुझ्यातला पांढरा हाय, लोखंडी जिभेचा. कुनीतरी बदललाय."

दीपमालानं यंत्राकडं पाहिलं. त्या यंत्राला तिच्याशिवाय आणि सासूशिवाय कुणी हात लावत नव्हतं. आणखी एक माणूस सोडला तर. ती वळली. संजय खांबाशी तसाच उभा होता, पण त्याचे डोळे जमिनीत गेले होते.

"कधी बदलला?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"दीपा, आत चल, सांगतो."

"हितंच सांगा. कधी?"

"दिवाळीत."

राजश्रीचा अपघात संक्रांतीचा. अंगणातल्या प्रत्येक बाईनं मनातल्या मनात ते दोन सण मांडले असावेत, कारण सगळ्या माना एकदम संजयकडं वळल्या.

संजयनं खिशातून मोबाइल काढला. "कंपनीचा मेसेज आलता. समद्या दुकानदारांना. ह्या लॉटच्या दाराच्या स्विचमधी दोष हाय, शिल्लक माल परत पाठवा, गिऱ्हाइकांना कळवायची गरज न्हाई. माझ्याकडं नऊ मशीन शिल्लक व्हत्या, त्या पाठवल्या. आपल्या घरातला स्विच बदलला. बाकीच्यांना... मला वाटलं, तक्रार आली की बदलून देऊ. उगं बोभाटा झाला तर दुकान बसंल. मी उमापूरला येनार व्हतो राजे, खरंच येनार व्हतो. गेलतोबी गेवराईपर्यंत एकदा, मग दुसरंच काम निघालं..."

त्यानं मोबाइल उलटा करून छातीशी धरला.

दगडाबाई ओट्यावरून उठल्या. काठी न घेता चालत आल्या आणि मुलासमोर उभ्या राहिल्या. "बायकोची बोटं दिसली तुला. आईची दिसली. बहिनीची दिसली न्हाईत?"

संजय हमसून रडू लागला. दीपमालाला दिवाळीनंतरच्या बैठका आठवल्या. सिरसाळ्यात, आजूबाजूच्या वस्त्यांवर तेच वाक्य ती बोलत राहिली होती, नवीन माल येईल म्हणून नावं लिहून घेत होती. आणि हा माणूस रोज तिच्याशेजारी जेवायला बसत होता.

बोलली ती राजश्री. पदराखालचा हात तिनं बाहेर काढला. "दादा, तो मेसेज पुसला न्हाईस ना?"

"न्हाई."

"वर्षाला दे."

वर्षाराणीनं मोबाइल घेतला. वाचता वाचता तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून शहादेव जवळ सरकले. "काका," ती हळूच म्हणाली, "कंपनीला माहीत होतं हे याच्यावरून दिसतंय. एक स्विच खराब निघाला असं आता त्यांना म्हणता येणार नाही, अख्खा लॉट खराब आहे हे त्यांनीच लिहिलंय. सगळ्यांचं दुखणं एक आहे हे दाखवायला आपल्याला हेच हवं होतं. पण हे दाखल केलं तर तुम्हीही त्यात येता. विकणारा म्हणून, आणि माहीत असून गप्प बसलेला म्हणून."

"येऊ दे. मला बी तुमच्या बाजूनं घ्या," संजय डोळे पुसत म्हणाला. "मी सही करतो."

"नाही काका. विकायला माल घेणारा ग्राहक नसतो. तुम्हाला सामील होता येत नाही. समोरच्या बाजूलाच उभं राहायचं, आणि तिथून खरं सांगायचं."

"आन् मी?" दीपमालानं विचारलं. रात्रभर मनात लिहून ठेवलेलं ते पहिलं नाव.

वर्षाराणीनं तिचा हात धरला. "काकू, पावती तुझी आहे, तू ग्राहक आहेस. पण सगळ्यांच्या वतीनं उभी राहणारी बाई अशी हवी, जिचं हित दुसऱ्या बाजूला अडकलेलं नाही. तुझं घर त्याच दुकानावर चालतं. तू पुढं झालीस तर कंपनीचा वकील पहिल्याच दिवशी म्हणेल, हा नवराबायकोचा खेळ आहे. तू साक्ष दे. तू काय सांगून विकलंस ते सांग."

दीपमालाला हे लागलं. पण खोटं वाटलं नाही. तिनं राजश्रीकडं पाहिलं. "मग वन्संचं लिही पहिलं."

"मला लिहिता येईना अजून नीट," राजश्री म्हणाली.

"बसतो की आमी," साखराबाई म्हणाली. "घाई कुनाला हाय?"

राजश्रीनं पेन अंगठ्यात आणि करंगळीशेजारच्या बोटात धरलं. नाव लिहायला तिला मोठा वेळ लागला. सत्तर-ऐंशी बायका माना उंचावून बघत होत्या. शेवटची वेलांटी पूर्ण झाली आणि जो कल्ला उठला तो स्टँडपर्यंत गेला असेल. दुसरं नाव साखराबाईचं. मंगल शेवटी आली आणि म्हणाली, "मला सामील व्हता येत न्हाई तर न्हाई. पर स्विच उघडून दाखवायला मी येनार बीडला. तेवढं तरी कायदा करू देतो का?" वर्षाराणीनं तिला मिठी मारली.

दुपारी गाड्या निघून गेल्या. संजय ओट्याच्या पायरीवर बसून होता. दीपमाला चप्पल घालून त्याच्यासमोर आली.

"टेंपो काढा."

"कुटं?"

"आयोग कधी परवानगी देईल, नोटीस कधी निघंल, तोवर ह्या मशीन घराघरात चालूच ऱ्हातील. जिथं जिथं आपन दिली त्या समद्या घरी जायचं. आज, उद्या, लागतील तितके दिवस. आन् बोलायचं तुमी."

ती टेंपोत त्याच्याशेजारी बसली, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. तेवढं आज तिच्यानं होणार नव्हतं. पुढचं पुढं.

पहिलं घर गावाबाहेरच्या वस्तीवर छबुबाईचं होतं. आज ती सिरसाळ्याला आली नव्हती, तिच्यापर्यंत निरोपच पोचला नव्हता. दीपमालाला पाहून ती हसत दारात आली. "या या वैनी. आज काय नवं आनलं?"

"आज विकायला न्हाई आलो, मावशी," संजय म्हणाला. "मी दिलेल्या मशीनमधी खोट हाय. दार उघडं असताना चालू व्हती. मला दिवाळीपसून ठावं व्हतं. मी सांगितलं न्हाई. माझ्या बहिनीची बोटं गेली त्यात."

छबुबाईचं हसू विरलं. ती तशीच आत गेली. भिंतीतून पिन उपसल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिनं संजयकडं नाही, दीपमालाच्या हातातल्या कागदांकडं पाहिलं.

"हे कशाचं?"

"समद्या बायका मिळून कंपनीवर तक्रार करतोय, मावशी."

"मला बी येता येतं का त्यात? पावती न्हाई माझ्याकडं. उंदरानं खाल्ली."

दीपमाला काही बोलायच्या आत संजय म्हणाला, "येतं. माझ्याकडं नोंद हाय तुमच्या नावाची. ही मशीन मी तुमाला दिली, हे मी सांगीन. जिथं विचारतील तिथं सांगीन."

दीपमालानं कागद पायरीवर पसरला आणि छबुबाईच्या हातात पेन दिलं.